भिंतीतली बारा मीटर

"एक केबल द्या. कुठलीही चालेल."

जळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सुरू होऊन सव्वीस वर्षं झाली, आणि या वाक्यानं माझं डोकं आजही तेवढंच फिरतं. माणूस मॉनिटर घेताना महिनाभर व्हिडिओ बघतो. मेव्हण्याला विचारतो, पुण्यातल्या भाच्याला विचारतो, मला तर दहादा फोन करतो. आणि केबल? कपाटात जुनी पडली असेल ती. मी म्हणतो, अहो, ज्या वाटेनं ते चित्र येणार ती वाट तरी बघा. तर समोरचा माझ्याकडे असा बघतो की निसार तांबोळीला आज एक केबल खपवायचीच आहे.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अवघड काही नाही. पडद्यावरचं चित्र म्हणजे रंगीत ठिपके. साध्या फुल एचडी मॉनिटरवर ते वीस लाखांच्या वर असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग कॉम्प्युटरमधून केबलीतून मॉनिटरला जातो, आणि तो एकदा जाऊन भागत नाही. सेकंदाला साठ वेळा सगळेच्या सगळे ठिपके नव्यानं जातात. आता हे नवीन मॉनिटर आले, त्यांच्यावर ठिपके जास्त, शिवाय सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा. केबल मात्र तीच. तिच्यातून जायचं किती?

आपल्याकडे केळीला ठिबक केलेल्या माणसाला मी हे दोन मिनिटांत समजावतो. मेन लाइन बारीक टाकली आणि मागून झाडं दुप्पट केली, तर शेवटच्या ओळीला पाणी पोचतं का? नाही पोचत. लाइन लांबवली तरी तेच. फरक एवढाच की पाणी कमी पडलं तर झाड हळूहळू सुकतं. केबलीत कमी पडलं की चित्र सरळ गायब होतं, आणि दोन सेकंदांनी काही झालंच नाही अशा थाटात परत येतं.

सराफ बाजारात दागिन्यांची डिझाइनं करणारी एक ताई होती. मोठा फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, मॉनिटर आणला आणि तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आली. म्हणाली, "निसारभाई, माउस तुपातून फिरवल्यासारखा फिरतो. हार काढायला घेतला की हात एकीकडे आणि रेघ दुसरीकडे." तोवर तीन जणांनी तिचं मशीन उघडून बघितलं होतं. मी उघडलंसुद्धा नाही. केबल हातात घेतली, तिच्यावरचं बारीक छापील वाचलं आणि म्हटलं, "ताई, या केबलीनं फोर-के येतं हे खरं, पण सेकंदाला तीस वेळाच येतं. डब्यावर फोर-के लिहितात, किती वेळा ते लिहीत नाहीत." दुसरी केबल लावली. ताईनं माउस फिरवला आणि हसायलाच लागली. पुढे तिच्या सगळ्या बाजारानं मला 'केबलवाले निसारभाई' असं नाव पाडलं. वरवर मी चिडायचो. मनातून आवडायचं, खोटं कशाला बोलू.

धुळ्याच्या एका कचेरीतल्या साहेबांनी तर केबल ग्राफिक कार्डाला लावायची ती शेजारच्या साध्या भोकात लावली होती आणि चार महिने कार्डाला शिव्या घातल्या होत्या. मी केबल काढून दोन बोटं खाली लावली आणि चहा पिऊन निघालो. असे दिवस असले की परतीच्या एसटीत मी खिडकीत बसून स्वतःवरच खूश असायचो.

तर मी असा नाकावर माशी बसू न देणारा माणूस. म्हणून पुढची गोष्ट सांगताना जरा जड जातं, पण सांगायची तीच आहे.

आधी माझ्या अब्बांची एक सवय सांगतो. पहूरला त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की शेतकरी बैलगाडीत, पुढे टेम्पोत घालून आणायचे. अब्बा जुनी तार काढून नवी भरायचे, आणि मोटार बंद करण्याआधी जिथे वायरी जोडतात त्या डबीत एक चिठ्ठी ठेवायचे. नाव, गाव, काय केलं ते. मी लहानपणी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "उद्या ही कोणी उघडेल. त्याला शिव्या द्यायच्या असतील तर नाव घेऊन देता आल्या पाहिजेत." त्यांची मोटार परत आली आणि आत त्यांची चिठ्ठी निघाली, की ते दुसरं काम बाजूला ठेवून आधी ती करून द्यायचे, आणि गिऱ्हाइकाला तोंडानं सांगायचे की चुकलं माझं. ही सवय मी उचलली. भिंतीतून केबल टाकली की बोर्डाच्या मागे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझी चिठ्ठी असते.

धुळ्याला देवपुरात सुनीलभाऊ पाटलांचं घर आहे. भाऊ शाळेत शिक्षक. घरात त्यांचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आणि मुलगी मयूरी. वहिनींची नोकरी नाशिकला, त्या शनिवार-रविवारी येतात. नानांनी जन्मभर शिरपूरकडे शेती केली. आता दम्यामुळे त्यांना उकाडा सहन होत नाही, म्हणून आतल्या त्यांच्या खोलीत एसी. बाकी घराला कूलर. मयूरीनं गेम खेळायला मोठं मशीन घेतलं तेव्हा प्रश्न आला, ते ठेवायचं कुठे? धुळ्याच्या मे महिन्यात बाहेरच्या खोलीत ते तापून बंद पडायचं, आणि कूलरची दमट, धुळीची हवा आत गेली तर त्याचं आयुष्य संपलंच. नानांच्या खोलीत बसून तिनं खेळायचं तर नानांना गलबला चालत नव्हता.

आमच्या भागात याला एक ठरलेली युक्ती आहे आणि ती मीच किती घरांत करून दिली. मशीन थंड खोलीत, माणूस कूलरपाशी, आणि मधे भिंतीतून केबल. इथे बारा मीटर लागली. पाइपाला चार वळणं. केबल ओढली, मॉनिटर लावला, चित्र स्वच्छ आलं. मी छाती फुगवून भाऊंना म्हटलं, "आता वीस वर्षं बघायला नको. उद्या फोर-के आणलं तरी चालेल." आणि तेच चिठ्ठीवर लिहिलं. मॉनिटर तेव्हा साधा होता, सेकंदाला साठवाला. मी जे तपासलं नव्हतं ते लिहून भिंतीत ठेवलं.

तीन वर्षांनी, उन्हाळ्यात, मयूरीचा फोन आला. "निसारकाका, नवीन मॉनिटर घेतला. मधेच काळा पडतो. दोन सेकंद. मी दोन सेकंदांत मरते."

ती नेमबाजीचे सामने खेळायची, कॉम्प्युटरवर, देशभरातल्या पोरांबरोबर. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर कौतुकही नव्हतं. गेलो तेव्हा भाऊ एका बाजूला घेऊन म्हणाले, "पंधरा दिवसांनी रविवारी तिचा निवडीचा सामना आहे. पहिल्या आठात आली तर पुण्याच्या एका संघात घेतात, राहायची सोय, पगार, सगळं. नाही आली तर बी.एड.चा फॉर्म भरायचा आणि हे बंद. तिनंच कबूल केलंय."

मयूरी मागे दारात उभी होती. ज्या सामन्यातून ती कशीबशी पुढे आली होती, त्यात मॉनिटर तीन वेळा काळा पडला होता.

मी तासभर बघितलं. एक गोष्ट लगेच ध्यानात आली, कूलर चालू केला की पडदा जातो. झालं. मी सगळं खापर विजेच्या डोक्यावर फोडलं. "भाऊ, व्होल्टेज खाली-वर होतंय." स्टॅबिलायझर लावला, मॉनिटरची लाइन वेगळी करून दिली, दोनदा कूलर लावून दाखवला, पडदा राहिला, आणि मी निघालो. दहादा लावून बघायला पाहिजे होता. मी दोनदा बघून उठलो.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी परत फोन. या वेळी मयूरी शांत होती आणि त्या शांतपणानंच मला घाम फुटला. "काका, काल चार वेळा गेला. बाबा म्हणतात मॉनिटरच खराब आहे, परत पाठवू. पण उद्या तीनला सामना आहे."

दुकान बंद केलं आणि पहिली एसटी धरली. पारोळा येईपर्यंत डोक्यात गणित चालू. नवीन मॉनिटरवर ठिपके आधीच्या पावणेदोनपट. साठऐवजी एकशे चव्वेचाळीस वेळा. म्हणजे जुन्या केबलीतून आता चौपटीपेक्षा जास्त जातंय, आणि तेही बारा मीटर. ठिबकची मेन लाइन. जे मी सगळ्या जिल्ह्याला समजावत फिरतो ते मला इथे दिसलं नव्हतं, कारण ती केबल माझी होती.

घरी पोचल्यावर मयूरीला म्हटलं, "मॉनिटर साठवर कर. आता कूलर चालू-बंद कर, मी सांगेपर्यंत." वीस वेळा केलं. पडदा हललासुद्धा नाही. मग एकशे चव्वेचाळीसवर नेलं. तिसऱ्यालाच काळा. केबल अगदी काठावर चालली होती. कूलरची मोटार सुरू होताना वायरीत जो एवढासा धक्का बसतो, तेवढा तिला तोल जायला पुरत होता.

बोर्ड उघडला. मागे प्लॅस्टिकमध्ये माझी चिठ्ठी. 'निसार तांबोळी, जळगाव. बारा मीटर. फोर-के पास.'

भाऊ तेव्हा ओट्यावर फोनवर होते, मॉनिटरवाल्या दुकानदाराशी भांडत होते. "तुमचा माल खराब आहे," हे मला आत ऐकू येत होतं. मयूरी पाणी आणायला गेलेली. मी चिठ्ठी खिशात घातली. घातली हे लिहायला लाज वाटते. मनात आलं, दोष मॉनिटरवर गेला तर जाऊ दे, दुकानदार बदलून देईल, नवीन येईपर्यंत आठ दिवस, आणि तोवर मी गुपचूप केबल बदलेन. धुळ्यात माझं नाव तसंच राहील. आणि मग एकदम समजलं की आठ दिवसांनी मॉनिटर येईल तेव्हा या पोरीचा फॉर्म भरून झालेला असेल.

अब्बा असते तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नसतं, असं वाटलं. मी चिठ्ठी काढली, ओट्यावर गेलो आणि भाऊंच्या हातात दिली.

"भाऊ, फोन ठेवा. मॉनिटर चांगला आहे. चूक माझी आहे. मी केबल साठवर तपासली आणि लिहिलं भलतंच. मागच्या वेळी आलो तेव्हाही नीट बघितलं नाही, विजेवर ढकललं."

भाऊंनी चिठ्ठी वाचली. शिक्षक माणूस, दोनदा वाचली. म्हणाले, "निसारभाई, तुम्ही हे बोललात म्हणून ऐकून घेतो. पण उद्याचं काय?"

उद्याचं अवघड होतं. एवढ्या लांबीला एवढं नेणारी केबल असते, तिच्या आत तांब्याऐवजी काचेचा तंतू असतो आणि चित्र उजेड होऊन जातं. पण ती ना धुळ्यात होती ना जळगावात. मागवली तर बुधवार. मशीन बाहेर आणून आखूड केबल लावायची म्हटलं, तर मयूरी म्हणाली, "काका, ते मी गुरुवारी करून बघितलं. पंचवीस मिनिटांत तापून बंद पडलं." मॉनिटर साठवर ठेवून खेळ म्हटलं, तर तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. समोरच्याला ती एकशे चव्वेचाळीस वेळा दिसणार आणि तिला तो साठ वेळा.

मग एकच वाट उरली. मशीन हलत नाही, तर मयूरीनं मशीनपाशी जायचं. नानांच्या खोलीत.

भाऊ म्हणाले, "ते नाही होणार. नाना दुपारी भिंग घेऊन पेपर वाचतात तेव्हा आम्ही चमचासुद्धा वाजवत नाही."

मी म्हटलं, "विचारतो मी."

नाना पलंगावर बसले होते. मला ते मिस्तरी म्हणतात आणि बोलतात अहिराणीत. म्हणाले, "का रे मिस्तरी, कसाले उना?"

कशाला आलो ते मी सरळ सांगितलं. तुमच्या नातीचं काम माझ्या चुकीनं अडलंय. उद्या दुपारी दोन तास तिला इथे बसू द्या. ती हेडफोन लावेल, पण बोलेल, कधी ओरडेल. नंतर मी सगळं होतं तसं करून देतो.

नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हाई पोर दिनभर तठे काय करस, माले तीन वरीस समजनं नही. कोन्ही सांगं बी नही." आणि पुढे, "बसू दे. पन एसी मी सांगसू तितलाच."

रात्री मी माझ्या चुलतभावाकडे राहिलो. सकाळी टेबल आत नेलं, दीड मीटरची केबल लावली, वायफायवर भरवसा नको म्हणून इंटरनेटची वायर ओसरीतून ओढून दाराखालून घेतली. मग कूलर, मिक्सर, पाण्याची मोटार, इस्त्री, घरात जे जे म्हणून चालतं ते चालू-बंद केलं. पन्नास वेळा तरी केलं असेल. वहिनी म्हणाल्या, "निसारभाई, घर उडवाल." पडदा एकदाही गेला नाही. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तीनला सामना सुरू झाला. मी दारात, भाऊ आणि वहिनी माझ्यामागे, नाना पलंगावर, हातात पेपर आणि भिंग. मयूरी हेडफोनमध्ये हिंदीत भराभर बोलत होती, पडद्यावर माणसं धावत होती. मला त्यातलं काही दिसत नव्हतं, मी फक्त पडदा काळा होतो का ते बघत होतो. तासाभरानं माझं लक्ष नानांकडे गेलं. पेपर पलंगावर पडला होता. म्हातारा पुढे वाकून, भिंग तसंच हातात धरून, पडद्याकडे बघत होता. आणि मग एकदम ओरडला, "मांगे देख, मांगे. भिंतीमांगे कोन्ही शे."

त्या पोरीला हेडफोनमधून ते ऐकू आलं की तिला आधीच दिसलं होतं, ती आजही सांगत नाही. ती गर्रकन वळली. मागे खरंच एक जण होता.

ती सातवी आली. पहिल्या आठात घेणार होते, सातवी आली. हेडफोन काढून ती आधी रडली आणि मग नानांच्या पाया पडली. नाना म्हणाले, "जिंकनी का वं?" भाऊंनी चष्मा पुसला आणि मला आत नेऊन जेवायला बसवलं. मी दोन दिवसांनी पोटभर जेवलो.

पुण्याला जायला तिला दोन महिने होते, आणि संघानं सांगितलं की तोवर घरून सराव करायचा. बुधवारी काचेच्या तंतूची केबल आली. गुरुवारी मी परत धुळ्याला. जुन्या केबलीच्या टोकाला नवी बांधून ओढली. चारही वळणं सांभाळत, कारण ही केबल मुरगळली की गेली. दोन तास लागले. मग मॉनिटर बाहेर आणून लावला आणि एकशे चव्वेचाळीसवर ठेवून कूलर शंभर वेळा चालू-बंद केला. भाऊ मोजत होते, खरोखर मोजत होते. एकदाही पडदा गेला नाही. सव्वीस वर्षांत इतकं नेटकं काम मी केलं नव्हतं.

मग टेबल उचलायला आम्ही नानांच्या खोलीत गेलो. मयूरीनं एक बाजू धरली, मी दुसरी.

नाना पलंगावरून म्हणाले, "ठी दे ते. कोठे ली जातस? आठेच राहू दे."

मयूरी म्हणाली, "नाना, तुम्हाला गलबला होतो ना?"

"व्हस तर व्हऊ दे. मी एकलाच तर शे आठे."

आम्ही टेबल खाली ठेवलं. मॉनिटर बाहेरून परत आत आला, दीड मीटरची केबल परत लागली. पुण्याला जाईपर्यंत ती तिथेच खेळली, आणि सुट्टीत आली की अजूनही तिथेच खेळते. नानांना आता खेळाचे सगळे नियम येतात, तिचं काय चुकलं ते मला फोनवर सांगतात.

माझी केबल मात्र भिंतीतच आहे. दोन्ही टोकांना बोर्ड, कोणी काही लावत नाही. बोर्ड बंद करण्याआधी मी भाऊंसमोर नवी चिठ्ठी लिहिली आणि आत ठेवली. 'निसार तांबोळी, जळगाव. बारा मीटर. एकशे चव्वेचाळीसवर शंभर वेळा तपासली, चालते. वापरात नाही. गरज पडली नाही.'